शिळ्या पावाचा नगरी इतिहास

८ ऑगस्ट १८०३ ची सकाळ. जनरल आर्थर वेलस्ली अहमदनगरच्या वेशीबाहेर आला, तटाला शिड्या लावल्या आणि बघता बघता पेठ घेतली. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवून जो ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून गाजला, तोच हा. चार दिवसांनी, १२ ऑगस्टला, शिंद्यांच्या ताब्यातला भुईकोट किल्लाही त्याच्या हाती आला. इंग्रजांच्या बाजूने आलेला गोखले नावाचा एक मराठा सरदार हे सगळं पाहत होता. त्याने आपल्या माणसांना जे कळवलं, त्याचा मतलब असा : ही इंग्रज मंडळी और आहेत. सकाळी आले, तट पाहिला, त्यावरून चालत आत गेले, शिबंदी कापून काढली आणि नाश्त्याला परत गेले.

नगरच्या लढाईचं हे वर्णन इंग्रजी पुस्तकांत हमखास येतं. ते वाचताना सगळ्यांचं लक्ष तटाकडे असतं. माझं दर वेळी नाश्त्याकडे जातं. गोखल्याला नवल वाटलं ते माणसं मारण्याचं नसावं, ते त्यानेही केलंच असणार. नवल या गोष्टीचं, की एवढं करून यांना सकाळच्या जेवणाची वेळ चुकवायची नव्हती. या नाश्त्याबरोबर जो पाव नगरला आला तो परत गेलाच नाही. आज रविवारी सकाळी तुम्ही मोबाईलवर रील बघत जो फ्रेंच टोस्ट करायला घेता, त्यातला पाव, दूध, साखर आणि अंडं या चारही वस्तू आपल्या जिल्ह्यातल्या स्वयंपाकघरात कुणाची ना कुणाची हरकत ओलांडून आल्या आहेत. चौथीची हरकत अजून संपलेली नाही.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडे टोस्ट म्हणजे बेकरीत पत्र्याच्या डब्यात असतो तो, दोनदा भाजलेला, कडक, चहात बुडवून खायचा. ‘फ्रेंच टोस्ट करते’ म्हटल्यावर आमच्या आजीने चहा टाकला होता. मऊ पाव अंड्यात बुडवून तव्यावर टाकला की घरोघरी त्याला ‘अंडा ब्रेड’ म्हणतात आणि तो तिखटच असतो : हिरवी मिरची, कांदा, कोथिंबीर, हळद. गोड केला की दक्षिणेत त्याला ‘बॉम्बे टोस्ट’ म्हणतात. मुंबईत मात्र या नावाने काही मागितलं तर वेटर सँडविच आणून ठेवील.

पाव हा शब्द पोर्तुगीजांचा. त्यांनी गोव्यात यीस्टच्या जागी ताडी-माडी घालून पीठ फुगवलं आणि पदेरांची भट्टी पेटली. पण नगरला पाव आला तो छावणीतून. गोऱ्या शिपायाच्या रोजच्या शिध्यात एक पौंड पाव ठरलेला असे. म्हणजे जिथे कँटोन्मेंट तिथे भट्टी, आणि जिथे भट्टी तिथे पीठ मळायला माणसं. ही माणसं बहुतेक मुसलमान किंवा ख्रिस्ती. सवर्ण हिंदू घरांच्या दृष्टीने पावाचा दोष नेमका इथे होता. गहू आपलाच, पण पाणी कुणाचं? हात कुणाचे? ‘पाव पायाने तुडवतात म्हणून पाव’ ही व्युत्पत्ती तुम्ही ऐकली असेल. शब्दशास्त्रात तिला काही किंमत नाही. पण तिरस्कार लोक कसा लक्षात ठेवतात, याचा ती चांगला नमुना आहे.

त्या काळात पावाचा एक तुकडा केवढा मोठा होता पाहा. १८४९ मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस सभा काढली. जात मोडणं हा तिचा हेतू, आणि सगळा कारभार गुप्त. सभासद होणाऱ्याने काय करायचं? ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. बस्स. आज कुणी पक्षात जाताना गळ्यात पट्टा घालतात, तसा तेव्हा हा तुकडा. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली, नावं बाहेर फुटण्याच्या भीतीने मंडळी पांगली आणि सभा संपली. म्हणजे पुस्तकं लिहिणारी, शाळा चालवणारी माणसं पाव खाल्ल्याचं लोकांना कळेल म्हणून घाबरली. हसू नका. वाळीत पडलेल्या घरात मुलीचं लग्न ठरत नसे आणि प्रेताला खांदा द्यायला माणूस मिळत नसे.

तीस वर्षांनी पुण्यात तेच. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे अशा बड्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी नुसता कप हातात धरला. गोपाळराव जोशींनी नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. शेवटी प्रायश्चित्तं झाली.

नगरमध्ये या गोष्टीला वेगळी धार होती, कारण अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्येच इथे ठाण मांडलं होतं. शाळा, छापील पुस्तकं, दवाखाने, चर्च. याच मिशनच्या सिंथिया फरार बाईंच्या नगरच्या शाळेत सावित्रीबाई फुले अध्यापन शिकल्या. मिशनकडे मोठ्या संख्येने वळले ते महार आणि मांग समाजातले लोक. त्यांना पावाने बाटण्याची भीती दाखवणं हा विनोदच होता, कारण गावाने त्यांना आधीच पाणवठ्याबाहेर ठेवलं होतं. पाव फक्त वरच्यांना बाटवत होता. खालच्यांना तो नुसता पाव होता, आणि मिळाला तर बरं, एवढंच.

वरच्यांपैकी ज्यांनी ही किंमत उघडपणे मोजली त्यांच्यात नारायण वामन टिळक हे नाव पहिलं. १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि संसाराचे दोन तुकडे झाले. काही वर्षांनी लक्ष्मीबाई परत त्यांच्याकडे आल्या त्या आपलं सोवळं बरोबर घेऊनच. नवरा ख्रिस्ती, शेजार ख्रिस्ती, आणि यांची चूल वेगळी, पाणी वेगळं. ‘स्मृतिचित्रे’ वाचलं नसेल तर या भागासाठी तरी वाचा. जात म्हणजे माणसानेच केलेली गोष्ट आहे हे त्यांना कुणाच्या प्रवचनातून पटलं नाही. स्वतःशीच वाद घालून त्या तिथे पोचल्या, आणि मग कुणाच्याही हातचं खायला त्यांनी मागेपुढे पाहिलं नाही. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. मला त्यांचं मोठेपण बाप्तिस्म्यात वाटत नाही, त्याआधीच्या त्या खाण्या-पिण्यात वाटतं. धर्म बदलायला एक दिवस लागतो. घास बदलायला फार वेळ लागतो.

आता जरा नगरच्या बाहेर जाऊ, पण वाट नगरच्याच तुरुंगातून जाते. या शहराला कैदी सांभाळण्याची जुनी सवय. बोअर युद्धातले दक्षिण आफ्रिकेचे कैदी इथे ठेवले. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात सापडलेले जर्मन आणि ऑस्ट्रियन लोक, त्यांत व्यापारी आले, मिशनरी आले, सगळे नगरच्या छावणीत डांबले. दुसऱ्या महायुद्धातही तेच. पुढे तिबेटात सात वर्षं काढणारा हाइनरिश हारर हा गिर्यारोहकसुद्धा आधी काही काळ नगरलाच होता.

या जर्मनांना आपला अंडा ब्रेड दाखवला असता तर त्यांनी लगेच ओळखला असता. त्यांच्याकडे त्याचं नाव ‘आर्मे रिटर’, म्हणजे गरीब सरदार. चौदाव्या शतकातल्या जर्मन पाकपुस्तकातही तो सापडतो. स्पेनमध्ये तोच ‘तोरिखास’, पोर्तुगालमध्ये ‘राबानादास’. फ्रान्समध्ये त्याला फ्रेंच टोस्ट कुणीच म्हणत नाही. तिथे तो ‘पँ पेर्द्यू’, म्हणजे हातचा गेलेला पाव. शिळा झाला, वाया गेला, आता त्याला दुधा-अंड्यात घालून परत माणसात आणा, असा त्याचा भाव. इंग्रजीत हे नाव १६६० मध्ये रॉबर्ट मे या आचाऱ्याच्या पुस्तकात दिसतं, आणि त्याच्या कृतीत अंडंच नाही : पाव भाजायचा, वाईन, साखर आणि संत्र्याच्या रसात भिजवायचा. इंटरनेटवर एक गोष्ट फिरते, की अमेरिकेतल्या जोसेफ फ्रेंच नावाच्या खानावळवाल्याने १७२४ मध्ये हा पदार्थ शोधला. रॉबर्ट मेचं पुस्तक त्याच्या चौसष्ट वर्षं आधीचं आहे, तेव्हा ती गोष्ट पुढे पाठवू नका.

सगळ्यात जुनी कृती रोमनांची, अपिकियसच्या नावावर असलेल्या पुस्तकातली. पांढऱ्या पावाची कड काढायची, मोठे तुकडे करायचे, दुधात भिजवायचे, तेलात तळायचे, वरून मध. संपलं. क्लासिक फ्रेंच टोस्टवर भांडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मुळात ना फ्रेंच, ना टोस्ट, ना अंडं.

आणि मुळात काही परकंही नाही. रात्रीची पोळी उरली की सकाळी फोडणीची पोळी होते. भाकरी उरली तर कुस्करून ताकात नाहीतर दुधात. पोळीत गूळ-तूप घालून वळला की लाडू. शिळं अन्न टाकायचं नाही आणि शिळं म्हणून वाढायचंही नाही, ही गरीब घरातल्या बाईची अक्कल रोमपासून राशीनपर्यंत एकच आहे.

आता साखर. ९ ऑगस्ट १९४२ ला काँग्रेस कार्यकारिणीचे पुढारी मुंबईत पकडले आणि नगरच्या त्याच भुईकोटात आणले. वेलस्लीच्या त्या सकाळीनंतर एकशे एकोणचाळीस वर्षं आणि एक दिवस. नेहरू, पटेल, आचार्य नरेंद्र देव, कृपलानी, पट्टाभि, आपले शंकरराव देव आणि मौलाना आझाद. नेहरूंनी इथे १९४४ मध्ये ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं हे सगळ्यांना माहीत असतं. मौलानांनी इथेच ‘गुबारे खातिर’ मधली पत्रं लिहिली हे कमी जणांना. कधीच टपालात न पडलेली ती पत्रं पहाटेच्या चहाने भरलेली आहेत. चहा चिनी, जाईच्या वासाचा, दुधाचा थेंब नाही. दूध घालणाऱ्या समस्त हिंदुस्थानावर त्यांचा राग. त्याहून राग गुळावर. साखर आणि गूळ यांत नुसता कमी-जास्त गोडीचा फरक नाही, जातच वेगळी आहे, असं त्यांचं मत. जवाहरलालना हे पटवायचा प्रयत्न त्यांनी करून पाहिला, पण नेहरूंना गोड आवडायचं आणि गोड म्हटलं की त्यांना गूळही चालायचा. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर उभी असलेली दोन मोठी माणसं नगरच्या कोठडीत गुळावरून हुज्जत घालतात, हे मला त्या पुस्तकातलं सगळ्यात खरं चित्र वाटतं.

गंमत अशी, की त्यांच्या कोठडीच्या उत्तरेला, शंभर किलोमीटरच्या आत, साखरेचं राज्य उभं राहत होतं. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं, प्रवरेचे कालवे वाहू लागले आणि बेलापूर-श्रीरामपूरच्या रानात ऊस उभा राहिला. पहिले कारखाने खासगी कंपन्यांचे. शेतकऱ्याने ऊस पिकवायचा, भाव दुसऱ्याने ठरवायचा. ते उलटं करायला लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून भाग-भांडवल गोळा केलं. धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांची साथ मिळाली, आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. १९६१ मध्ये नेहरू पंतप्रधान म्हणून प्रवरानगरला आले. त्यांना चहा साखरेचा दिला असणार, ही आपली माझी समजूत.

दूध त्यामानाने उशिरा आलं. म्हणजे गाई होत्याच, पण दूध घरचं आणि थोडं. विकायचं दूध आलं ते संकरित गाय आल्यावर. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने गीर, होल्स्टीन आणि जर्सी यांच्या मेळातून ‘फुले त्रिवेणी’ ही गाय तयार केली. बिनपाण्याच्या तालुक्यात ज्याला ऊस जमला नाही त्याने गोठा बांधला. आज संगमनेर, राहाता, पारनेर कुठेही पहाटे पाचला डेअरीपुढे किटल्यांची रांग दिसते. त्यातलं किती दूध त्या घरातल्या पोरांच्या पोटात जातं, हा प्रश्न रांगेत विचारू नये.

पाव मात्र स्वातंत्र्यानंतरही बराच काळ खेड्यात आजाऱ्याचं अन्नच राहिला. ताप आला, दवाखान्यात ठेवलं, की दूध-पाव. नगरच्या सिव्हिलला कुणाला भेटायला जाताना हातात ब्रेडचा पुडा आणि सहा केळी. १९७२ च्या दुष्काळात या जिल्ह्यातल्या माणसांनी खडी फोडली, अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली, कामावर सुकडी खाल्ली. तेव्हा हे कुणाच्या हातचं, हे विचारण्याची चैन उरली नव्हती. शहरात त्याआधीच, १९६५ मध्ये, सरकारने मॉडर्न बेकरीज काढली होती. मेणकागदात गुंडाळलेला, कापलेला, यंत्राने केलेला ब्रेड. माझ्या मते पावाचा विटाळ सुधारकांच्या भाषणांनी जेवढा गेला, त्याहून जास्त या कागदाने घालवला. यंत्राला जात नव्हती. ज्या घरांत बेकरीचा लादी पाव येत नसे तिथे स्लाइस ब्रेड बिनदिक्कत आला. आता यात सुधारणा किती आणि पळवाट किती, हे तुम्हीच ठरवा.

हे सगळं वाचून भूक लागली असेल तर करून घ्या. चार स्लाइस, पण कालच्या. ताजा ब्रेड ओला असतो, भिजवला की लगदा होतो. शिळ्यातला ओलावा गेलेला असतो, म्हणून तो दूध पितो आणि तरी अंग धरून राहतो. शिळा नसेल तर स्लाइस तव्यावर मंद आचेवर नुसत्या सुकवून घ्या. लादी पाव असेल तर आडवा कापून दोन जाड तुकडे करा, खरं तर त्याचा जास्त चांगला होतो. दोन अंडी, अर्धी वाटी दूध, दोन चमचे साखर, चिमूटभर मीठ, थोडं जायफळ. अंडं आधी एकटं नीट फेटा, नाहीतर पांढऱ्या बलकाच्या तारा पावावर चिकटून राहतात. जायफळ जपून, श्रीखंडाचा वास यायला नको. पसरट ताटलीत एकेक बाजू वीस-पंचवीस सेकंद भिजवा. तव्यावर तूप, आच मध्यम. इथेच सगळे घाई करतात : मोठ्या आचेवर साखर करपते आणि आत अंडं कच्चं राहतं. एक बाजू अडीच-तीन मिनिटं, कडेने फेस थांबला की उलटायचं. वरून मध, नाहीतर काकवी. ऊसवाल्यांच्या जिल्ह्यात राहून मेपल सिरप शोधत बसू नका.

राहिलं अंडं. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शाळेतल्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. जी मुलं खात नाहीत त्यांना केळं. काही संघटनांनी विरोध केला, काही पालकांनी केला. शाळेच्या व्हरांड्यात अंडंवाली रांग आणि केळंवाली रांग अशा दोन रांगा झाल्या, आणि कोण कुठल्या रांगेत हे सगळ्या वर्गाला कळलं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यासाठीचे वेगळे पैसे देणं थांबवलं. ज्या शाळांना द्यायचं असेल त्यांनी लोकवर्गणीतून द्यावं. त्याच आदेशात गोड पदार्थांच्या साखरेलाही तेच उत्तर. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यातल्या झेडपीच्या शाळेत खिरीच्या साखरेसाठी वर्गणी काढायची! ज्या मुलाच्या घरी अंडं परवडत नाही, त्याचा आठवड्यातला एक घास तेवढा गेला. ज्याला विरोध करायचा होता त्याच्या ताटातलं काहीच गेलं नाही.

आमच्या घरी अंड्याचा तवा वेगळा आहे. गॅलरीत, खिळ्याला टांगलेला, काठाला लाल दोरा बांधलेला. आतल्या ओट्यावर तो येत नाही. गॅलरीत छोटी शेगडी आहे, तिथे आम्ही भावंडं उभं राहून अंडा ब्रेड करत मोठी झालो. पावसाळ्यात एकाने छत्री धरायची. आजी पाव खाते. तिच्या सासूने मरेपर्यंत पावाला हात लावला नव्हता. अंडं मात्र आजी खात नाही आणि ते तिला कुणी पटवायला गेलेलंही नाही.

मागच्या दिवाळीत मी तिच्यासाठी रोमन कृती केली. कालच्या लादी पावाची कड काढली, दुधात भिजवला, आतल्या ओट्यावर, आतल्या तव्यावर तुपात लाल केला, वर काकवी ओतली. दोन हजार वर्षं जुना पदार्थ आहे, असं सांगून तिच्यापुढे ठेवला. तिने एक तुकडा खाल्ला, मग दुसरा घेतला.

‘‘दुधातला कुस्कराच की गं हा,’’ ती म्हणाली, ‘‘तुपात टाकलेला. याला कशाला एवढं लांब जायचं?’’

मग कड काढलेले तुकडे कुठे टाकलेस, असं विचारून ती ते शोधायला उठली.